अठ्ठ्याण्णव टक्के उजेड

अंबिका भोईर हे नाव तुम्ही ऐकलेलं असायचं काही कारण नाही. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. तिथे त्या एकोणीस वर्षं टेक्निशियन आहेत आणि मी तेरा वर्षं रिपोर्ट टाइप करतोय. माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. लालबागची खोली विकून मीरा रोडला आल्यापासून मी कुणाशी धड बोलत नाही, असं बायको म्हणते. भोईरबाईंशी मात्र बोलायचो. त्यांच्या हातून जे झालं त्यातला शब्द न् शब्द माझ्या बोटांनी टाइप केलाय, त्यामुळे ते सांगायचं कामही माझ्यावरच येतं.

बाई मोरव्याच्या. भाईंदर पश्चिमेचं ते जुनं गाव. बाप होडीवर होता, आई चंद्रावती बाजारात मासळी विकायची. घराण्यातली पहिली पदवी बाईंची, तीही विज्ञानाची. लग्न होऊन त्या भाईंदर पूर्वेच्या खारीत आल्या. रेल्वेरुळांच्या एका बाजूचं गाव सोडून दुसऱ्या बाजूच्या गावात, जिथे आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत. अंगाने किरकोळ, आवाज खणखणीत. सदा न् कदा तोंड आलेलं, त्यामुळे डब्यात दहीभात. उन्हात गाल लालबुंद व्हायचे, म्हणून बारा महिने छत्री. मी चिडवायचो, ‘कोळ्याची पोर आणि उन्हाला भिते!’ त्या म्हणायच्या, ‘आमच्या आयेचं पण असंच. मासळी सुकवायला बसायची ती डोळेच तेवढे उघडे ठेवून.’

हे मी तेव्हा हसून ऐकलं.

लॅबच्या मागच्या अंगाला खिडकी नसलेली एक खोली आहे. तिथे उजेड मोजायचं यंत्र आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू सापडला की त्याला गिळतात आणि त्याच्यावर ऑक्सिजनचं एक खवळलेलं रूप सोडतात. साध्या ऑक्सिजनवर आपण जगतो, हे रूप जंतूला संपवतं. ते क्षणभर टिकतं आणि हाती लागत नाही, म्हणून ते ओळखायची एक युक्ती आहे. रक्ताच्या थेंबात ल्युमिनॉल नावाचं रसायन घालायचं, पेशींना डिवचायला मेलेल्या यीस्टचे कण टाकायचे आणि नळी काळोखात ठेवायची. खवळलेला ऑक्सिजन त्या रसायनाला भिडला की उजेड पडतो. इतका पुसट, की डोळे फाडून बसलात तरी दिसणार नाही. यंत्राला दिसतो, आणि पडद्यावर रेघ चढत जाते.

काही मुलांची रेघ चढत नाही. त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना त्याला मारता येत नाही. बाळाचं साधं गळू महिनोन् महिने भरत नाही, भिंतीवरची बुरशी फुप्फुसात जाऊन बसते. हा आजार बहुतेक करून मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. आईच्या पेशी निम्म्या चांगल्या, निम्म्या बिघडलेल्या असतात; तिचा उजेड निम्मा पडतो, पण निम्म्यावर तिचं भागतं. तिच्या मुलाला मात्र हा आजार यायची शक्यता निम्मी. अशा बाईला वाहक म्हणतात. मुलगा आजारी निघाला की आईचंही रक्त घेतात, पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही ते ठरवायला.

आता मुख्य गोष्ट. ही तपासणी एकट्या नळीवर होत नाही. रोग्याच्या नळीशेजारी त्याच दिवशी काढलेल्या निरोगी माणसाच्या रक्ताची नळी लागते. तिला आम्ही कंट्रोल म्हणतो. निरोगी माणसाचा उजेड शंभर धरायचा आणि रोग्याचा त्याच्या किती टक्के, ते लिहायचं. आमचं यंत्र अकरा वर्षांपूर्वी नवीन आलं. जुन्या यंत्राचे आकडे त्याच्यावर चालेनात. डॉक्टर उत्तम, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, ‘दहा जणांचं रक्त घेऊन नॉर्मल ठरवू. तोवर तात्पुरतं भोईरबाईंचं लावा.’ बाई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, शीर चांगली होती, सुईला भीत नव्हत्या. दहा जण काही जमले नाहीत. तात्पुरतं अकरा वर्षं चाललं. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काही नसतं.

कंट्रोलच्या रकान्यात मी दर वेळी ‘अ. भो.’ टाइप करायचो. बाईंना त्याचा अभिमान होता. ‘कोरगावकर, अख्ख्या भाईंदरचं माप मी आहे,’ असं म्हणायच्या आणि कापसाचा बोळा दंडात दाबत चहा प्यायच्या.

बऱ्याचदा रोग्याचा आकडा एकशे नव्वद, दोनशे दहा असा यायचा. डॉक्टर म्हणायचे, आजारी मुलं आहेत, इन्फेक्शनने पेशी चवताळलेल्या असतात. पटण्यासारखं होतं. निरोगी माणूस आमच्या त्या खोलीत येतोच कशाला?

एक ममता नावाची बाई लक्षात राहिलीय. केबिन रोडला नवऱ्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. पहिला मुलगा याच आजाराने अडीच वर्षांचा होऊन गेला. तिचं स्वतःचं रक्त तपासलं तेव्हा कंट्रोलच्या एकशे तीन टक्के आलं. मी टाइप केलं, ‘आई वाहक असल्याचा पुरावा नाही.’ रिपोर्ट घेताना तिने मला विचारलं, ‘मतलब दुसरं मूल होऊ दे ना, भाऊ?’ मी काय डॉक्टर आहे? पण मी मान हलवली. दोन वर्षांनी ती दुसरा मुलगा घेऊन आली आणि त्याची रेघ जमिनीला चिकटून राहिली. डॉक्टर म्हणाले, हा आईबाप दोघांकडून येणारा दुसरा प्रकार असेल. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘तिचा आकडा इतका स्वच्छ होता हो.’

बाईंच्या माहेरी एक गोष्ट होती. चंद्रावतीला अंबिकाच्या आधी दोन मुलगे झाले होते. एक दोन वर्षांचा होऊन गेला, एक चार. दोघांच्या अंगावर गळवं उठायची. कुणी क्षय म्हणालं, कुणी आणखी काही. चंद्रावतीचं मात्र ठाम मत होतं: ‘आपल्या घरान पोरगे टिकत न्हाय. पोरगा झाला तं त्याला पाच वर्सं पोरीच्या नावानं हाक मारायची. माझ्या भावाला, नाथाला, नाथी म्हनत व्हते. तो सत्तर वर्सं जगला.’

यावर बाई खवळायच्या. ‘आये, एका माणसावरून नियम बनत नाही,’ असं सुनवायच्या, आणि मला येऊन सांगायच्या, ‘बघा, आमच्या आयेचा कंट्रोल म्हणजे एकटा नाथामामा.’ आम्ही दोघं हसायचो. आज ते हसणं आठवलं की मला स्वतःचीच शरम वाटते.

बाईंची एकुलती मुलगी इशिता. लग्न होऊन ती स्वप्नीलबरोबर मीरा रोडच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेली. दोन वर्षांपूर्वी, मूल व्हावं असं मनात आलं तेव्हा तिने आईला विचारलं, ‘आजी म्हणते त्यात काही तथ्य असेल का गं?’ बाई म्हणाल्या, ‘माझं रक्त नऊ वर्षं नॉर्मल येतंय. माझ्यातच नाही तर तुझ्यात कुठून येणार? तरी ये, तुझ्या आजीचं तोंड बंद करू.’ इशिता आली. मंगळवार होता. मायलेकींचं रक्त एकाच वेळी काढलं, शेजारी शेजारी लावलं. मुलीचा आकडा आला अठ्ठ्याण्णव टक्के.

मी तो रिपोर्ट ठळक अक्षरात छापला. बाईंनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना सामोसे दिले. संध्याकाळी मोरव्याला जाऊन आईसमोर कागद धरला. चंद्रावतीला वाचता येत नाही. तिने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, ‘कागदाला काय समजतंय?’

इशिताला मुलगा झाला. नाव स्वरूप. चंद्रावतीने बारशाच्या दिवशीच सांगितलं, घरात सखू म्हणा. बाईंनी सगळ्यांसमोर तिला झापलं. म्हातारी मग पदराखाली हात घेऊन दाराशी बसून राहिली.

अडीच महिन्यांचा असताना पोराच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ आली. बीसीजीची लस त्याच हाताला दिली होती. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, होतं कधी कधी, बसेल. ती बसली नाही. फुटली, वाहायला लागली. चौथ्या महिन्यात गुदद्वारापाशी गळू झालं. बाईंनी मला फोनवरचा फोटो दाखवला आणि लगेच फोन पर्समध्ये परत ठेवला. मी म्हटलं, ‘त्याचं रक्त आपल्याकडे लावून बघायचं का?’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे सरकवली. ‘इशिताचा रिपोर्ट तुम्हीच टाइप केलाय ना? मग? सुया काय खेळ आहे, एवढ्याशा पोराला?’

त्याखेरीज दुसरी एक गोष्ट. इशिताच्या सोसायटीशेजारी नवी इमारत उठत होती. दिवसभर खोदकाम, गॅलरीत धुळीचा थर. बेडरूमच्या भिंतीला ओल होती आणि पाळण्याच्या वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी चढत चालली होती. इशिता ती पुसायची, आठवड्यात ती परत यायची. हे बाई सहज बोलता बोलता सांगायच्या. मी मात्र टाइप करायचा थांबायचो. तेरा वर्षं मी बुरशी हा शब्द टाइप करतोय. तो शब्द कोणत्या रिपोर्टात येतो ते मला माहीत आहे.

मग बाईंची दाढ सुजली.

ती सुजली नसती तर हे सगळं आणखी किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. दातांच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं. औषधावर असलेल्या माणसाचं रक्त कंट्रोल म्हणून चालत नाही, हा नियम बाईंनीच भिंतीवर लावलेला. त्या मंगळवारी मुंबईहून एका मुलाचं रक्त आलं होतं. या पेशी जिवंत असाव्या लागतात, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता येत नाही. डॉक्टर बाहेरगावी. बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

‘कोरगावकर, ताप नाही ना? कसली गोळी?’

‘रागावर गोळी मिळाली असती तर घेतली असती.’

‘बाही वर करा.’

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्रात दुसऱ्याचं रक्त कंट्रोल म्हणून गेलं. मी रिपोर्टाची वाट बघत बसलो. तासाभराने बाई बाहेर आल्या त्या हसत. ‘अहो, तुमचं रक्तसुद्धा भांडकुदळ आहे. माझ्या दुपटीला गेलंय!’

मलाही गंमत वाटली. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पुरतं मावळायच्या आधीच कपाळावर आठी आली. ‘तुम्हाला कुठेतरी इन्फेक्शन असणार,’ त्या म्हणाल्या आणि माझी आणखी एक नळी भरून घेतली. इन्फेक्शन काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा माझं रक्त घेतलं. पुन्हा दुप्पट. मग काउंटरवरच्या रीमाचं घेतलं. तेही जवळजवळ दुप्पट. खालच्या मजल्यावरचे लिफ्टमन दशरथमामा नको नको म्हणत असताना त्यांना वर आणलं. साठीच्या पुढचा माणूस, त्याचाही उजेड तितकाच.

‘सगळ्या भाईंदरला इन्फेक्शन झालंय वाटतं,’ मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मला उगाच वाटायला लागलं की आता मी इथून उठून जावं.

‘इशिताचा रिपोर्ट काढा,’ त्या म्हणाल्या.

‘कशाला?’

‘काढा हो.’

मी कॉम्प्युटरवर फाइल उघडली.

‘वाचा.’

‘अठ्ठ्याण्णव टक्के.’

‘कशाच्या अठ्ठ्याण्णव टक्के?’

‘कंट्रोलच्या.’

‘कंट्रोल कोण?’

मी रकान्याकडे पाहिलं. ‘अ. भो.’ बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःची दोन अक्षरं वाचली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘माझ्याशी मोजली मी तिला.’

आम्ही दुप्पट नव्हतो, बाईंचाच उजेड निम्मा होता. त्यांना पहिली आठवण इशिताची झाली. मला ममताची झाली. एकशे तीन टक्के. एका वाहक बाईचा आकडा दुसऱ्या वाहक बाईशी ताडला तर तो स्वच्छच येणार. बाईंचं कायम आलेलं तोंड, उन्हाने भाजणारे गाल, पदराआड बसून मासळी सुकवणारी चंद्रावती. वाहक बायकांना असा त्रास होतो हे डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. बाईंनी ते पान वाचलेलंही होतं. वाचताना त्यांना रोग्यांच्या आया आठवल्या, स्वतःचा चेहरा आठवला नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो राग बाहेर पडायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मीही तेरा वर्षं तीच दोन अक्षरं टाइप करत होतो. माझ्याही डोक्यात कधी आलं नाही की ही बाई तरी कुणी तपासलीय का?

शुक्रवारी इशिता बाळाला घेऊन येणार असं ठरलं. मधल्या दीड दिवसात बाईंनी अकरा वर्षांच्या फाइली उपसल्या. ज्यांना आम्ही ‘पुरावा नाही’ असं लिहून दिलं होतं अशा आयांची यादी केली. तेवीस नावं निघाली. डॉक्टर परत आले होते. ते म्हणाले, घाई नको, आधी खात्री करू, उगाच लोकांत घबराट होईल. बाई म्हणाल्या, ‘सर, त्या मुलं होऊ देतायत. आज, या घटकेला. तुम्ही फोन करता की मी करू?’ आणि उत्तर यायच्या आत त्यांनी ममताचा नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. मी समोर होतो.

बाईंनी काही लपवलं नाही. चूक काय झाली, कुणाची झाली, पुन्हा रक्त का द्यायला हवं, सगळं सांगितलं. पलीकडून दुकानातला आवाज येत होता. कुणीतरी शर्टाची साइज विचारत होतं.

‘मतलब दुसऱ्याच्या वेळी मला नाही म्हणता आलं असतं,’ ममता म्हणाली.

‘हो.’

‘दोन साल झाली. रोज दवाई, रोज डर. मैं समझती थी, नसीब आहे.’

‘नशीब नव्हतं. माझी चूक होती.’

‘अब क्यूं बता रहे हो? आता का सांगताय?’

‘माझ्या मुलीलाही मी तोच रिपोर्ट दिला, ममता. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे. उद्या तपासतेय.’

ममताने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘घरात सीलन असेल, ओल असेल, भिंत काळी असेल, तर बच्चाला आजच्या आज तिथून काढा. रिपोर्टसाठी मत रुको.’

बाईंनी फोन ठेवला आणि लगेच इशिताला लावला. त्याच संध्याकाळी बाळाचं सामान खारीच्या घरी आलं.

शुक्रवारी सकाळी इशिता आली. तिला सगळं सांगितलेलं होतं. आईशी ती एक अक्षर बोलत नव्हती. स्वरूप तिच्या खांद्यावर होता, काखेत पट्टी, आणि माझा चष्मा ओढायला हात पुढे करत होता. गोरापान, हसरा. बाईंनी स्वतः रक्त काढलं. माझं, मग इशिताचं, मग बाळाचं. बाळ रडलं तेव्हा इशिता पहिल्यांदा म्हणाली, ‘आई, लवकर कर ना गं.’

बाईंनी मला आत बोलावलं. ‘तुम्ही वाचा, मी बघणार नाही,’ असं म्हणाल्या आणि मग पडद्यावरून नजर हलवली नाही. तीन रेघा. माझी चढायला लागली, नेहमीसारखी, उद्धटपणे. इशिताची तिच्या खालून निघाली आणि निम्म्यावर वळली. तिसरी खालीच होती.

‘लहान बाळांची हळू येते का?’ मी विचारलं.

‘नाही.’

दहा मिनिटं झाली. वीस झाली. माझी रेघ शिखर गाठून उतरायला लागली. मला माझ्या त्या रक्ताचा तिटकारा आला. तापट, म्हातारं, कुणाच्या उपयोगाचं नाही, आणि त्याचा उजेड बघा! तासाभराने यंत्राने स्वतःहून मोजणं थांबवलं. बाईंनी पुन्हा सुरू केलं. नियमात ते बसत नाही. दुसऱ्या तासालाही तिसरी रेघ होती तिथेच होती.

‘लिहा,’ बाई म्हणाल्या. ‘कंट्रोलच्या दोन टक्के.’

मी लिहिलं. कंट्रोलच्या रकान्यात माझं ‘श. को.’ लिहिलं. डॉक्टरांनी बाहेर इशिताला समजावलं: मोठ्या हॉस्पिटलात जनुकांची तपासणी करून खात्री करतील, रोजची दोन औषधं आजपासून, पुढे अस्थिमज्जा जुळली तर बदलता येते, बरीच मुलं जगतात. बरीच, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. इशिताने सगळं ऐकलं आणि आईकडे वळून म्हणाली, ‘मी तुला विचारलं होतं गं.’ औषधाची चिठ्ठी घेऊन ती खाली दुकानात गेली. जाताना बाळाला, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, आईच्याच हातात देऊन गेली.

बाई नातवाला घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. फोन वाजला. हातात बाळ, म्हणून मी तो टेबलावर स्पीकरवर लावून दिला. मोरव्याहून चंद्रावती होती.

‘पोराला काय झालं गो? कागद काय म्हनतंय?’

बाई उत्तर देतील म्हणून मी थांबलो. एकोणीस वर्षं ज्या बाईने देवऋषी, अंगारा, दृष्ट, सगळ्यांना हाकलून लावलं, त्या बाईला मी बघत होतो. त्यांनी बाळाच्या काखेतली पट्टी नीट केली.

‘आये,’ त्या म्हणाल्या, ‘तू म्हणत होतीस तसंच हाय.’

पलीकडून म्हातारीचा रडण्याचा आवाज आला. जिंकल्याचा त्यात लवलेश नव्हता.

‘मना खोटं पडायचं व्हतं गो,’ ती म्हणाली. ‘तुझ्या कागदानं मना खोटं पाडायला पायजे व्हतं.’

बाईंनी डोळे मिटले. औषधं होती, हॉस्पिटल होतं, जुळलीच तर अस्थिमज्जा होती. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा दसपट जास्त ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीही त्या सोडणार नव्हत्या. तरी त्यांनी बाळाला तोंडासमोर धरलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मी हसतोय का म्हणून. मी हसत नव्हतो.

‘सखू,’ त्या म्हणाल्या. ‘ए सखू, इकडे बघ.’

आणि पोरगं, जणू हेच आपलं नाव असल्यासारखं, त्यांच्याकडे बघून हसलं.